सौर प्रकल्पाला जमीन दिली म्हणून सातबारा जात नाही

सध्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘सौर प्रकल्पाला जमीन दिली की सातबारा कायमचा गेला. त्यापेक्षा घराच्या छतावर पॅनेल बसवा, सरकार पूर्ण फुकट देतं.’ या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेतात, विकत नाही. मालक शेतकरीच राहतो. शासन निर्णयानुसार वर्षाला हेक्टरी किमान 1,25,000 रुपये भाडं, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. करार मात्र लांब मुदतीचा असतो, तेवढी वर्षं तिथे पीक निघणार नाही. बागायती जमीन असेल तर हा हिशेब आधी मांडा. भीती घालायचीच तर याची घाला!

छताचं म्हणाल तर पीएम सूर्यघर योजनेत अनुदान 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30,000 रुपये आणि 3 किलोवॉट किंवा त्यापुढे जास्तीत जास्त 78,000 रुपये. तेही पॅनेल बसून तपासणी झाल्यावर खात्यात येतं. वरचा खर्च आपलाच.

शिवाय छतावरची वीज घरासाठी असते. वाहिनी योजनेची वीज कृषिपंपांना दिवसा मिळावी म्हणून. एक दुसऱ्याला पर्याय नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.