तुकडा काढल्याने गाठ पसरत नाही, आत्या

गेल्या आठवड्यात कळव्याच्या आत्याने मला व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर पाठवला आणि खाली लिहिले, "म्हणून मी बायप्सीला नाही म्हटलं." तिची डावी नाकपुडी तीन महिने चोंदलेली आहे, तिच्यातून दोनदा रक्त आले आहे आणि ठाण्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून गाठ पाहिली आहे. वीस वर्षे पॅथॉलॉजीच्या स्लाइड बघणाऱ्या भाच्यापेक्षा तिला तो निनावी मजकूर खरा वाटला, याचा राग लपवत नाही.

मजकूर म्हणतो की नाकातली न्यूरोएंडोक्राइन गाठ मुळात मेंदूची असते, ती संथ असते, बायप्सीचा तुकडा काढणारा चिमटा लागला की पसरते, आणि दोन लॅब तिला दोन नावे देतात, म्हणजे पॅथॉलॉजी हा अंदाजाचा धंदा आहे. शेवटी नाकात तेल सोडण्याचा सल्ला आहे. तेलाने चोंदलेले नाक घटकाभर सैल वाटेल, पण गाठ विरघळणार नाही.

'न्यूरो' म्हणजे मेंदू नव्हे, हे इरफान खान यांनी २०१८ मध्ये स्वतःच्या आजाराबद्दल सांगितले होते. या पेशींमध्ये चेतापेशी आणि संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी अशा दोन्हींचे गुण दिसतात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. संथपणाचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या डोके व मान यांच्या गाठींच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती उघडावी. तिथे सुविभेदित ट्यूमर, म्हणजे मूळ पेशींशी बरेच साम्य राखणारे, त्यांच्या तीन श्रेणींसह, एकीकडे आहेत आणि झपाट्याने वाढणारे स्मॉल सेल व लार्ज सेल कार्सिनोमा दुसरीकडे. स्मॉल सेल कार्सिनोमाला संथ म्हणणारा माणूस एकतर अज्ञानी आहे किंवा बेजबाबदार.

मला खरा संताप आला तो दोन लॅबच्या मुद्द्यावर. नाकातून आलेला तुकडा पुष्कळदा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. स्लाइडला देतात त्या नेहमीच्या रंगात त्यात दिसतात त्या लहान, गोल, निळ्या पेशी, ज्यांचे केंद्रक मोठे आणि भोवतालचे पेशीद्रव नावापुरते. १९२४ मध्ये बर्जे आणि ल्यूक यांनी वर्णन केलेला, वास घेणाऱ्या पडद्यातून उगवणारा ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा असाच दिसू शकतो. स्मॉल सेल कार्सिनोमा, लिंफोमा (लसिका पेशींचा कर्करोग), रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंचा), मेलॅनोमा (रंगद्रव्य पेशींचा) आणि पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीची, नाकामागच्या स्फेनॉइड सायनस या पोकळीत उतरलेली गाठही तशीच दिसू शकते. त्यात तुकडा चिमट्यात चेंगरला असेल, तर केंद्रके ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखी ओढली जातात आणि कोणालाच काही सांगता येत नाही.

अशा वेळी पहिली लॅब 'गोल पेशींची घातक गाठ' लिहून थांबते, ते प्रामाणिकपणाचे असते. दुसरी लॅब इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करते, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून पेशी ओळखते. सिनॅप्टोफायसिन तपकिरी रंगले, केराटिन जवळपास कोरे राहिले आणि पेशींच्या पुंजक्यांभोवती एस-१०० ची बारीक किनार उमटली, तर न्यूरोब्लास्टोमाकडे कल जातो. केराटिन ठिपक्यांसारखे सर्वत्र रंगले, तर स्मॉल सेल कार्सिनोमाकडे. हे नाव ठरवणे चैनीचे नाही, कारण न्यूरोब्लास्टोमात बहुधा आधी शस्त्रक्रिया, लिंफोमात मुख्यतः औषधे, आणि पिट्युटरीच्या गाठीचा मार्ग तर पूर्ण वेगळा. ठाण्यातले रुग्ण स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात फेरतपासणीला जातात, ते याचसाठी. नाव बदलले की फसवणूक झाली असे मानणाऱ्याने तो ब्लॉक एकदा हातात घेऊन पाहावा.

चिमट्याच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सीटी किंवा एमआरआय न पाहता नाकातल्या गाठीला हात घालू नये. किशोरवयीन मुलांतला अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, तुकडा काढताना भयंकर रक्तस्राव करू शकतो, आणि गाठ म्हणून दिसणारा फुगवटा कधी मेंदूच्या आवरणाचा निघतो. पण हे कारण आधी स्कॅन करण्याचे आहे, तपासणी टाळण्याचे नव्हे. न्यूरोब्लास्टोमा वरच्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे सरकतो, तो कोणाचाही चिमटा न लागता. शिवाय तो दहा वर्षांनंतरही उलटू शकतो, त्यामुळे 'संथ आहे, राहू द्या' हा सल्ला दुहेरी घातक आहे.

आत्याची गाठ साधा पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तराचा मऊ, निरुपद्रवी फुगवटाही निघू शकते. मात्र पॉलिप बहुधा दोन्हीकडे असतात आणि तिची एकच बाजू बंद आहे. सोमवारी सीटी आहे. तुकडा पुरेसा मोठा घ्या आणि चेंगरू देऊ नका, एवढे तिच्या डॉक्टरांना मी फोनवर सांगितले आहे.