शेतमालाचं गोडाऊन ही शेतीच आहे, साहेब

शेतात कांदाचाळ उभी केली तर कुणी हटकत नाही. उलट कृषी खातं अनुदान देतं. पंचवीस टनी चाळीला टनामागं साडेतीन हजारांनी ८७,५०० रुपये मिळायचे, हा आकडा आमच्या भागात पोरासोरांनाही पाठ आहे. पण त्याच चाळीशेजारी विटा-सिमेंटचं, शटरचं गोडाऊन बांधायला काढा. जोत्यात मुरूम पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "परवानगी घेतली का?"

मला पस्तीस बाय साठचं शेड टाकायचंय. मका आणि सोयाबीन ठेवायला, दुसरं काही नाही. एका कार्यालयात सांगितलं, आधी एनए, म्हणजे जमीन बिगरशेती, करून आणा. दुसऱ्या टेबलावर कळलं, ग्रामपंचायतीचा ठराव आणला की झालं. ग्रामपंचायतीत म्हणाले, गावठाणाबाहेर आम्ही काही देऊ शकत नाही. मग कुणीतरी झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी राखलीय त्याचा कागद) आणायला सांगितलं, कुणी मोजणीच्या नकाशाची क प्रत. लेखी कुणीच काही दिलं नाही. सगळं तोंडी.

म्हणून मी कायदाच काढून वाचला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. त्याच्या कलम २(९) मध्ये 'शेतावरील इमारत' म्हणजे काय ते सरळ दिलंय: अवजारं, खत, वैरण ठेवायची जागा, शेतमाल साठवायची जागा, गुरांचा गोठा, कुटुंबाचं आणि गड्यांचं राहतं घर. आणि कलम ४१ म्हणतं की शेतजमीन धारण करणाऱ्याला अशी इमारत बांधायचा हक्क आहे. एनएची भानगड येते ती जमिनीचा वापर शेतीबाहेर गेला तर. माझा मका माझ्या शेतात ठेवला, यात शेतीबाहेर काय गेलं?

आता खरी मेख. १९८६ साली या कलम ४१ मध्ये दुरुस्ती झाली. महापालिकेची हद्द, तिच्याभोवतीचा काही किलोमीटरचा पट्टा, नगरपालिकांचा परिसर आणि प्रादेशिक योजनेत (मोठ्या भागाच्या जमीनवापराच्या सरकारी आराखड्यात) आलेली गावं, इथं शेतावरच्या इमारतीलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वाचायला हे मोजक्या गावांचं प्रकरण वाटतं. पण प्रादेशिक योजनांनी जिल्हेच्या जिल्हे कवेत घेतलेत. शहराला धरून केलेला अपवाद शहरापासून साठ किलोमीटरवरच्या शिवाराला लागू होतो, तो असा.

आणि परवानगीच्या अटी बघा. धारण क्षेत्र ०.४ हेक्टरपेक्षा कमी असेल तर परवानगीच नाही. त्यावर ०.६ हेक्टरपर्यंत १५० चौरस मीटर जोतं. ०.६ हेक्टरच्या पुढं गेलात तर क्षेत्राचा चाळिसावा भाग, तोही ४०० चौरस मीटरपर्यंतच. जोत्यापासून उंची पाच मीटर. हा हिशेब एका इमारतीचा नाही, घर, गोठा, गोडाऊन सगळं त्यातच बसवायचं. माझ्या अडीच एकरांना अडीचशे चौरस मीटर येतात. शेडलाच त्यातले एकशे पंच्याण्णव जातात. गोठा आधीपासून उभा आहे, तो काय डोक्यावर घेऊ? पाच मीटरची अट तर ज्यांनी घातली त्यांनी हायड्रॉलिक ट्रॉली उलटताना पाहिलेली नसावी. पस्तीस फुटी गाळ्याला पत्र्याचा उतार द्यायचा, खाली ट्रॉली वर उचलली जाईल एवढी जागा ठेवायची, तर मधला मोभारा, म्हणजे छपराचा माथा, अठरा फुटांवर जातोच. पाच मीटर म्हणजे साडेसोळा फूट सुद्धा नाहीत.

एकराखालच्यांना गोडाऊन नाही, हे तर मला अजिबात पटत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातलं सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टरवर आलं होतं. ही सरासरी झाली. भावाभावांत वाटण्या झालेल्या गावात तीस गुंठेवाले ढिगानं आहेत. सुगीत मिळेल त्या भावाला माल फुंकायची पाळी सगळ्यात आधी त्यांच्यावरच येते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लिलाव चार हजारांच्या आसपास सुटत होते. घरात पोती ठेवायला जागा नाही, अंगणात पाऊस, मग आडत्याला "घ्या" म्हणण्यावाचून काय उरतं?

साठवलं की भाव मिळतोच, असं मी म्हणत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं आणि त्या आशेवर पुढचा माल दोन-दोन वर्षं दाबून ठेवलेले आमच्याकडं बरेच आहेत. शेवटी विकला तो पडत्या भावातच. पण थांबायचं की विकायचं हे मालकानं ठरवावं, पावसानं नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पण माल ठेवावा लागतो बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात. तिथवर नेण्याचं भाडं, हमाली, आणि ऐन सुगीत जागा शिल्लक असेल तर. केंद्राचा कृषी पायाभूत सुविधा निधी २०२० मध्ये आला, दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. चांगली योजना आहे. बँकेत गेलं की पहिला प्रश्न: मंजूर नकाशा कुठाय? सरकारचा एक हात पैसे घेऊन उभा आणि दुसरा हात दार लावून घेतोय.

आता साहेब लोकांची बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. गोठा म्हणून परवानगी घ्यायची आणि आत टाइल्स, एसी लावून शनिवार-रविवारचं फार्महाऊस करायचं, हे मुळशीत, कर्जतला, अलिबागला काय कमी झालंय? भिवंडीभोवतीच्या गावांत भातशेतीवर गोदामांची रांग लागली, त्यांत बेकायदा किती हा वाद कोर्टापर्यंत गेला. तिथं रस्ते, आग विझवायची सोय, पाण्याचा निचरा, सगळ्याचाच बोजवारा. कंपन्यांची खोकी ठेवायचं भाड्याचं गोदाम हा धंदाच आहे. त्याला नियम लावा, कर लावा, कडक तपासा. माझी काही हरकत नाही. पण भिवंडीची शिक्षा चांदवडच्या मकेवाल्याला कशासाठी?

इंग्लंडात, जिथं हिरवळीवर वीट ठेवायलाही लोक भांडतात, तिथंसुद्धा पाच हेक्टरांवरच्या शेताला शेतीसाठी शेड बांधायला पूर्ण परवानगीच्या फेऱ्यात जावं लागत नाही. स्थानिक प्रशासनाला कळवायचं, जागा आणि रंगरूप सांगायचं. २८ दिवसांत त्यांनी काही म्हटलं नाही तर काम सुरू. मर्यादा हजार चौरस मीटर होती, २०२४ मध्ये दीड हजार केली. त्यांची शेतं मोठी आहेत, आकडे तसेच्या तसे उचलायचं कारण नाही. उचलायची ती मुदत. आपल्याकडं अर्ज दिला की तो कुठल्या टेबलावर आहे हे शोधण्यातच हंगाम जातो.

माझं मागणं एवढंच आहे. दोनशे चौरस मीटरपर्यंतचं, एकमजली, स्वतःच्या मालाचं गोडाऊन असेल तर परवानगी नको, सूचना पुरे. सातबारा, पीकपाहणी, साधा नकाशा आणि 'भाड्यानं देणार नाही' असं हमीपत्र जोडायचं. तीस दिवसांत लेखी हरकत आली नाही तर बांधायला मोकळं. ०.४ हेक्टरची अट साठवणीपुरती काढा आणि उंची सहा-साडेसहा मीटर करा. वर्षभरानं ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे तलाठी) येऊन बघावं. आत पोती नसून सोफा दिसला तर खुशाल पाडा, मी जेसीबीचं डिझेल देतो.

तोवर ज्यांचं असं काम अडलंय त्यांनी कलम २(९) आणि ४१ ची झेरॉक्स खिशात ठेवून जा. अर्ज द्या, पोच घ्या. "होत नाही" म्हणाले तर कुठल्या कलमाखाली होत नाही ते लेखी मागा. माझा अर्ज गेल्या आठवड्यात आवक-जावकला पडलाय. उत्तर आलं की फोटो टाकतो.