त्या अपघाताचे आभार मानू नका

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, ‘अपघात झाला म्हणून हेवी मेटल जन्मलं, संकटाचे आभार माना’. हेवी मेटल म्हणजे जड, दणदणीत गिटारचं रॉक संगीत. त्या फॉरवर्डवर सगळ्यांचे हात जोडलेले. तेव्हापासून डोकं फिरलंय.

कसले आभार? १९६५, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, पत्र्याचं काम करणारा कारखाना. पोरगा १७ वर्षांचा. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलेलं, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. पत्रा दाबायच्या प्रेसवरचा नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून या वेल्डिंगवाल्या पोराला तिथे उभं केलं. प्रेस खाली आली, त्याने हात मागे ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर.

माझ्या बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटंही पॉवर प्रेसनेच नेली. मी चौथीत होतो. बाबा पेटी वाजवायचे, चांगली वाजवायचे. कंपनीतून एक साहेब आले, कागदावर सही घेतली, चहा पिऊन गेले. नातेवाईक म्हणाले, नोकरी तर वाचली ना! हेच नातेवाईक. पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली.

आयोमीकडेही कारखान्यातला एक जण आला होता, त्याचा वरिष्ठ. तो येताना जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड घेऊन आला. ऐक म्हणाला. पोराला ऐकायचंच नव्हतं. ऐकल्यावर त्या वरिष्ठाने सांगितलं, हा माणूस दोनच बोटांनी वाजवतोय, बाकीची आगीत निकामी झालीत. आभार मानायचे तर या माणसाचे माना की! आणि त्या पोराच्या हट्टाचे. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून गोळा केला, तापल्या सोल्डरिंग आयर्नने त्याला भोक पाडलं, पॉलिश पेपरने घासून घासून बोटाला बसेल अशी टोपी केली. प्लॅस्टिक तारेवरून घसरायचं, म्हणून वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. हलक्या तारा बाजारात मिळेनात, तर बँजोच्या लावल्या. पुढे तारा सैल करत तीन अर्धस्वर खाली आणल्या. ब्लॅक सॅबथच्या १९७१च्या तिसऱ्या अल्बममधला तो जड, जमिनीतून आल्यासारखा आवाज असा आलाय. हे सगळं वेदनेने नाही केलं, त्याच्या हातांनी केलं.

बरं, मान्य. बोटं शाबूत असती तर कदाचित तो आवाज तसा नसता. पण म्हणून प्रेसला नमस्कार करायचा?

एकदा शाळेतून लवकर घरी आलो होतो. बाबांनी पेटी खाली काढलेली. उरलेल्या बोटांनी एकच ओळ पुन्हा पुन्हा, एका सुरावर अडखळत. मी दारातच थांबलो. मला पाहिल्यावर त्यांनी भाता बंद केला आणि म्हणाले, ‘धूळ झटकत होतो रे.’

ग्रुपवर आत्ता कुणीतरी लिहिलंय, ‘तसाही तो नुसता गोंगाटच.’ अहो, ब्लॅक सॅबथचे चौघेही त्याच कारखान्यांच्या गावातले. त्यांचा पहिला अल्बम १९७०चा, जेमतेम एका दिवसात रेकॉर्ड केलेला. २०१२मध्ये आयोमीला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर झाला, तरी उपचार घेत तो वाजवत राहिला. गेल्या वर्षी, ५ जुलै २०२५ला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर चौघे शेवटचे एकत्र आले, गायक ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि १७ दिवसांनी गेला. त्या रात्रीही आयोमीच्या बोटांवर टोप्या होत्याच. साठ वर्षं त्या दोन बोटांना तार कळलेली नाही.

रागारागात ग्रुपवर काहीबाही लिहिलं होतं, पुसून टाकलं. बाबांशेजारी जाऊन बसलो आणि त्यांना त्या टोप्यांची गोष्ट सांगून व्हिला पार्कचा व्हिडिओ दाखवला. गाण्याचं त्यांनी काही विचारलं नाही. व्हिडिओ थांबवून आयोमीचा उजवा हात मोठा करायला सांगितला. बराच वेळ बघत होते.

‘चामडं कसलं म्हणालास?’

‘जुन्या जॅकेटचं.’

‘आणि आतून? घामाने सुटत नाही?’