लपवल्याने गोळ्या सुटतात, ताई

नमस्कार ताई,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'कोथरूड' लिहिलंय, म्हणून ताई म्हणतो. तुमची तक्रार अशी, की एचआयव्हीच्या गोळ्यांच्या दुष्परिणामांवरचा माझा लेख तुमच्या दिरांनी वाचला आणि दोन दिवस गोळीच घेतली नाही. 'हे डॉक्टरांवर सोडा, लोकांना घाबरवू नका,' असं तुमचं म्हणणं.

आधी दिरांचं बघू. आजची गोळी आजच घ्यायला सांगा. बुडालेल्या भरून काढायला दोन-तीन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सरकारी केंद्रावर, गेल्यावर हे दोन खाडे सांगून टाकू देत. फार तर बोलणी बसतील.

आता भीतीचं. ती माझ्या लेखाच्या कितीतरी आधीपासून आहे. २००४ साली सरकारने मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा बऱ्याच जणांच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडीन असायचं. त्याने माणसं जगली, हे पहिलं. पण महिने-वर्षं गेली की गाल बसायचे, हातापायांच्या काड्या व्हायच्या, तळपायांना मुंग्या आणि आग. वस्तीत चेहऱ्यावरून माणूस ओळखू यायचा. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. औषध गेलं, बदनामी राहिली. पुण्यात आजही नवा पेशंट काउन्सेलरला पहिल्यांदा विचारतो, 'गाल बसतील का?' त्याला 'तसलं काही नसतं' एवढंच सांगून भागत नाही. कोणत्या औषधाने काय व्हायचं आणि आपल्या डबीत कोणतं आहे, हे कळलं तरच त्याचा विश्वास बसतो.

आज बहुतेकांच्या डबीत टीएलडी असते: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही मिळून रोज एक गोळी. जुन्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ सुसह्य. तरी हिच्यापायी काहींची झोप उडते, डोकं दुखतं, वजन वाढतं. वजनाचं बायकांत जास्त दिसलंय. (वजन वाढलं की सुरुवातीला घरचे खूश असतात. 'अंगाला लागलं' म्हणतात.)

पण जिथे खरी गडबड होते ती जागा क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचं काम बघायच्या रक्ततपासणीतल्या आकड्याची. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये आकडा थोडा वर दिसतो. फॅमिली डॉक्टरला गोळ्यांचं सांगितलेलंच नसतं, तो म्हणतो किडनीवर परिणाम झालेला दिसतोय. माणूस घरी येऊन गपचूप गोळी बंद करतो. डोल्युटेग्राविरमुळे क्रिएटिनिन लघवीवाटे थोडं कमी बाहेर पडतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत आकडा जरासा चढून स्थिरावतो. किडनीला इजा झालेली नसते. मात्र टेनोफोविर काहींच्या किडनीला खरोखर त्रास देऊ शकतं, म्हणून 'हे नेहमीचंच' म्हणून रिपोर्ट फेकूनही द्यायचा नाही. तो एआरटीच्या डॉक्टरला दाखवायचा, तो लघवी तपासेल, गरज पडली तर औषध बदलेल. हे आधी ठाऊक असलेला माणूस रिपोर्ट घेऊन केंद्रावर येतो. ठाऊक नसलेला येतच नाही.

'डॉक्टरांवर सोडा' हे मला म्हणूनच पटत नाही. केंद्रावर रांग असते, डॉक्टरच्या वाट्याला प्रत्येकाची काही मिनिटं येतात. शिवाय २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा उपचाराआधी माहिती देऊन संमती घ्यायला सांगतो. त्या माहितीत धोकेही आले, आणि तीही पेशंटला समजेल अशा भाषेत.

दिरांना मधुमेह किंवा अ‍ॅसिडिटी असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण असेल तर दोन गोष्टी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ते केंद्रावर सांगायलाच हवं, कारण डोल्युटेग्राविरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं; डोस सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध टीएलडीबरोबर घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. टीएलडी त्याच्या २ तास आधी घ्यावी, नाहीतर ६ तासांनी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही हेच, फक्त जेवणासोबत घेतल्या तर टीएलडीबरोबर चालतात. वैद्यांचं चूर्ण, काढा, जे काही चालू असेल तेही केंद्रावर दाखवावं.

केंद्रावर लगेच जाणं जमत नसेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, नाव सांगावं लागत नाही. आणि दिरांनी नेमकं कोणतं वाक्य वाचून गोळी थांबवली, ते विचारून कळवाल का? इथेच लिहा, दिरांचं नाव नको. उत्तर देतो.