कुरुकारुनी सेन्सेई

बदली बायकोची झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण कराडला अजून निम्म्या लोकांचा समज आहे की जपानने मला बोलावून नेलं. हा समज माझ्या आईने पसरवला आणि मी तो खोडायला गेलो नाही.

खरं असं, की हिंजवडीतल्या एका कंपनीने बायकोला टोकियोला पाठवलं आणि मी आणि लेक तिच्यामागून बॅगांसारखे गेलो. माझ्या तिथल्या ओळखपत्रावर ‘कुटुंबासोबत वास्तव्य’ अशा अर्थाची चार अक्षरं आहेत. वेगळी परवानगी काढली तर अशा माणसाला आठवड्याला 28 तास काम करता येतं. मला काम येतं एकच. चौदा वर्षं ज्युनिअर कॉलेजात बारावीला इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे ‘ही रोट अ लेटर’चं ‘अ लेटर वॉज रिटन बाय हिम’ करून घेतलं. एकाही पोराने कधी कोणाला पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही, पण कर्मणी प्रयोगात सगळी पक्की.

मी स्वतः इंग्रजी शिकलो पाचवीत. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं 2000 साली. आमची वरात त्याआधीच निघून गेलेली. आमच्या पिढीला ‘ए फॉर ॲपल’ अकराव्या वर्षी भेटला, आणि प्रत्यक्ष ॲपल घरात कोणी आजारी पडलं की. जपानही या बाबतीत आमच्याच शाळेतलं. तिथे पूर्वी इंग्रजी सातवीत सुरू व्हायचं, 2011 मध्ये ते पाचवीत उतरलं, 2020 मध्ये तिसरीत. ही उतरण बघून शहाण्या आयांनी ते थेट बालवाडीत नेऊन ठेवलं, आणि बालवाड्यांना माणसं कमी पडायला लागली. माझ्यासारख्याची वर्णी लागली ती अशी.

मुलाखतीला मी टाय लावून, पदव्यांची फाईल आणि पाठाचं टाचण घेऊन गेलो. तिथे मुख्याध्यापिकेला एन्चो सेन्सेई म्हणतात. बाईंनी फाईल दोन्ही हातांनी घेतली, न उघडता दोन्ही हातांनी परत दिली आणि विचारलं, “नाचता येतं?”

गणपतीत येतं, असं मनात आलं. मग डोकं, खांदे, गुडघे असं एकेका अवयवाला हात लावत नाचायचं एक गाणं झालं. गुडघ्यांपाशी आलो तेव्हा माझे दोन्ही गुडघे तालात वाजले. खोलीतल्या चारही बायका एकदम पुढे झाल्या, “दाइजोबु देस का?” त्यातला फक्त ‘का’ मला कळला. पण प्रश्नाच्या शेवटी ‘का’ लावणारी माणसं किती परकी असणार, या विचाराने मी सोमवारपासून येतो म्हणालो.

पहिला बळी आडनावाचा. कुलकर्णी हे जपानी तोंडात मावत नाही. त्यांना ‘ल’ नाही, आणि व्यंजन एकटं दिसलं की त्याला स्वर जोडल्याशिवाय चैन पडत नाही. झालो कुरुकारुनी. बायको म्हणाली, बरोबरच आहे, कुरकुर करणाऱ्याला हेच नाव हवं.

पण या सवयीपुढे माझं बारावीचं व्याकरण काय करणार? मी म्हणायचो डॉग, वर्ग म्हणायचा दोग्गु. मी म्हणायचो मिल्क, वर्ग म्हणायचा मिरुकु. एकोणीस पोरं, वय तीन ते चार, सगळी पिवळ्या टोप्यांत, आणि चेहऱ्यावर असा भाव की आम्ही तेच म्हणतोय, तुम्हाला ऐकू कमी येतं का? हसायला मला तोंड नव्हतं. ‘इस्कूल’ आणि ‘फिलम’ म्हणत मोठा झालेला माणूस मी.

उलट त्यांनीच मला शिकवायला घेतलं. बूट दारात काढायचे हे कराडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण तिथे आतले बूट वेगळे आणि संडासातल्या सपाता वेगळ्या. पहिल्याच आठवड्यात मी संडासातल्या सपाता घालून वर्गात आलो. ओरडलं कोणी नाही. एक मुलगी उठली, माझं बोट धरलं, मला संडासाच्या दारापर्यंत परत नेलं, सपाता काढायला लावल्या, त्या टाचा बाहेर करून नीट लावून ठेवल्या आणि मला जागेवर आणून बसवलं. तिची उंची माझ्या मांडीएवढी.

मग शब्द. पावसाळ्याच्या तोंडावर एक मुलगा दारातच माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “कसा!” तीन वर्षांचं पोर मास्तरला एकेरीत ‘कसा’ विचारतंय! मी म्हटलं, “मजेत.” त्याने हातातली छत्री वर करून पुन्हा, जरा रागाने, “कसा!” कासा म्हणजे छत्री. आशी म्हणजे पाय. हाना म्हणजे फूल, पण मराठी कानाला ते ऐकू येतं ‘हाणा’, त्यामुळे बागेत फिरायला नेलं की एकोणीस जण माझ्याभोवती ‘हाणा, हाणा’ करत धावायचे आणि मी डोकं सांभाळायचो. आणि काकी म्हणजे टेंभुर्णीच्या जातीतलं एक नारिंगी फळ. थंडी सुरू झाली की लोक ते सोलून, दोरीला बांधून गॅलरीत वाळत घालतात. मी हौसेने साताऱ्याच्या काकीला फोनवर म्हटलं, “इथे घरोघरी काक्या सोलून टांगल्यात.” तिने फोन काकांकडे दिला.

घरी निराळीच तऱ्हा. लेक महानगरपालिकेच्या शाळेत जायला लागली आणि तीन महिन्यांत आमची दुभाषी झाली. कचरा कुठल्या वारी कुठला ठेवायचा, जळणारा कोणता आणि न जळणारा कोणता, हे खालच्या आजी तिला सांगणार आणि ती आम्हाला, वर ‘बाबा, असं नसतं करायचं’ हे पदरचं. निशी-कासाईत राहतो म्हणून तूरडाळ आणि मराठी शेजारी तरी होते. निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा भागातून 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस स्थानिक निवडणूक जिंकला. आईने हेही माझ्याच खात्यावर जमा केलं.

भूकंपाचं मात्र माझ्या मते मला शिकवायची गरज नव्हती. कराडचा माणूस कोयनेचे धक्के खात वाढतो. 1967 चा भूकंप आम्ही आजीकडून इतक्यांदा ऐकलाय की मी तो पाहिलाय असंच मला वाटतं. बालवाडीत दर महिन्याला सराव असायचा. सूचना झाली की मुलांनी ‘दांगोमुशी’ व्हायचं. हात लावला की अंगाची गोळी करणारा एक किडा असतो, तो. गुडघे पोटाशी, हात मानेवर, कपाळ जमिनीला. पहिल्या सरावाला भोंगा वाजला आणि चौदा वर्षांची नोकरी, बी. एड., सगळं विसरून कराडच्या माणसाने जे करायचं ते मी केलं. दार उघडून अंगणात पळालो. आमच्याकडे त्यानंतर शेजारी बाहेर येतात आणि “तुम्हाला जाणवला का?” सुरू होतं. इथे कोणीच आलं नाही. खिडकीतून आत पाहिलं तर एकोणीस गोळ्या ओळीने, आणि शेवटी विसावी, एन्चो सेन्सेईंची. त्या साठीच्या आहेत. संध्याकाळी त्या मला एवढंच म्हणाल्या, “कुरुकारुनी सेन्सेई, ते जरा...” आणि थांबल्या. जपानीत ‘जरा’च्या पुढचं वाक्य ऐकणाऱ्याने स्वतः पूर्ण करायचं असतं. पुण्यात ते पाटीवर लिहून मिळतं.

आता बेडकाचं. जून म्हणजे पावसाचा महिना, म्हणून वर्गाच्या भिंतीवर बेडूक, गोगलगाय आणि छत्र्या. चित्रांच्या इंग्रजी पुस्तकात होतं, बेडूक काय म्हणतो? ‘रिबिट.’ जपानी बेडूक म्हणतो केरो केरो. मी विचारलं, “व्हॉट डज द फ्रॉग से?” वर्ग ओरडला, “केरो केरो!” मी बोट हलवून म्हटलं, “नो, नो. इन इंग्लिश!” आणि मांडी ठोकून, बेडकासारखा बसून, गाल फुगवून इंग्रजी बेडूक काढायला गेलो, तर पोटातून आला तो कृष्णाकाठचा. “डराव! डराव!”

क्षणभर शांतता. मग अशी दंगल उसळली की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. ‘ड’ त्यांना जमेना, ‘व’ तर नाहीच. “दाराउ! दाराउ!” एकोणीस बेडूक सगळ्या खोलीभर. चौदा वर्षांत माझा एकही पाठ इतका पोहोचला नव्हता. मी ‘रिबिट, रिबिट’ म्हणून पाहिलं, पण ते कोण ऐकतो? ‘रिबिट’मध्ये आहे काय? बेडकाला सर्दी झाल्यासारखा शब्द.

प्रत्येक मुलाची एक वही असते, ती रोज घरून येते आणि रोज घरी जाते. सकाळचं ताप-मोजमाप, काय खाल्लं, शी कशी झाली, सगळं आई त्यात लिहिते. आम्ही वर्गातलं लिहायचं. दुसऱ्या दिवशी सात वह्यांत एकच प्रश्न, अतिशय नम्र भाषेत: काल मुलाने घरी ‘दाराउ’ हा नवा इंग्रजी शब्द म्हणून दाखवला, आम्हाला कोशात सापडला नाही, कृपया स्पेलिंग कळवावं. एका आईने लिहिलं होतं की तिचे यजमान अमेरिकेत शिकलेत, त्यांनाही ठाऊक नाही, त्यामुळे ते जरा खिन्न आहेत.

एन्चो सेन्सेईंनी मला बोलावलं. वह्या समोर एकावर एक रचलेल्या.

“हे इंग्रजी कुठलं?”

“कराडचं,” मी म्हणालो. खोटं बोलायला शब्दच नव्हते, जपानीतही आणि इंग्रजीतही.

त्यांनी मान हलवली, वहीत ‘कारादो’ असं टिपून घेतलं आणि विचारलं, तिकडे बेडूक पुष्कळ का? मी म्हटलं, पुष्कळ. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या बेडकाखाली ‘केरो केरो’ आणि ‘रिबिट’च्या शेजारी तिसरी पट्टी लागली, त्यांच्या सुबक अक्षरात.

जुलैत त्या छत्रीवाल्या मुलाची वही आली. लेकीकडून वाचून घेतली. रविवारी ते सगळे निइगाताला आजीकडे गेले होते. संध्याकाळी भाताच्या खाचरांत बेडूक ओरडायला लागले. मुलगा बांधावर बसून बराच वेळ ऐकत राहिला आणि मग आजीला म्हणाला, या बेडकांचा उच्चार चुकतोय.