थंडीत सिमेंटला पाणी लागत नाही? कोणी सांगितलं?

‘हिवाळ्यात घराचं काम काढा, 21 दिवसांत मोकळे व्हा’ असा मेसेज सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातले मुद्दे असे: थंडीत सिमेंटला पाणी मारावं लागत नाही, रंग लवकर वाळतो, कारागीर स्वस्त मिळतात, आणि आतल्या कामाला सोसायटीची परवानगी लागत नाही. दोनदा पुसून टाकला. तिसऱ्यांदा तो वर्तकनगरच्या ताईकडून आला, आणि तोवर तिच्या बाथरूमचा कोबा होऊन चार दिवस झाले होते. पाण्याचा एक थेंब नाही. “अरे, मिस्त्रीपण तेच म्हणाला,” ताई म्हणाली. मी जाऊन नखाने खरवडलं, तर वाळू सुटून बोटाला आली.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते म्हणून ते घट्ट होतं. पाणी उडालं की क्रिया तिथेच थांबते. आणि आपल्याकडची थंडी म्हणजे काय? दुपारी पारा 30 अंशांच्या आसपास आणि जमिनीवरून येणारा कोरडा वारा. ज्या हवेत ओठ फुटतात, त्याच हवेत कोब्यातलं पाणी उडतं. गारव्याने ही क्रिया मंदावते, हे बरोबर. पण मग पाणी जास्त दिवस मारायला हवं, बंद कसं करता? आयएस 456:2000 हे भारतीय मानक उघडून बघा. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस ओलावा, फ्लाय अ‍ॅशसारखी (कोळसा जाळून उरलेली बारीक राख) भर असेल तर किमान 10. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर हेच आकडे 10 आणि 14 होतात. दुकानातून येणारी गोणी बहुतेक वेळा पीपीसीची, म्हणजे फ्लाय अ‍ॅशवालीच असते. गोणीवर छापलेलं असतं, वाचा. मानक काँक्रीटचं आहे, पण कोब्यातलं सिमेंट काही वेगळं नसतं. गोणपाट पसरायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा भिजवायचं. एवढ्याचा कंटाळा करून खालच्याच्या घरात गळती पाठवायची?

रंगाचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य. पावसाळ्यापेक्षा आता पुट्टी आणि रंग नीट वाळतात. पण नव्या गिलाव्यावर साधारण 28 दिवस थांबायला हवं, नाहीतर पुढे पापुद्रे निघतात. मग 21 दिवसांचं गणित बसतं कुठे? होळीला बरेच कारागीर गावी जातात, म्हणून काम दिवाळी झाल्याझाल्या काढा. घाईने उरकू नका.

कारागीर स्वस्त? दिवाळीनंतर सगळेच काम काढतात, मजुरी उतरेल कशी? आणि घरातल्या फेरफाराला कमिटीची लेखी परवानगी उपविधीतच सांगितली आहे, मग ऋतू कुठलाही असो.

ताईचा कोबा फोडून परत घातलाय. आज सातवा दिवस, गोणपाट ओलं आहे. दहा झाले की बाथरूममध्ये पाणी भरून 48 तास ठेवणार. खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून ठेवलंय, छताला डाग दिसला तर रात्री बारा वाजताही बेल वाजवा.