घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं? गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

'पुळणीवरचं जग' या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून स्वतंत्र लिहितोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावात रविवारी संध्याकाळी ओहोटीची वेळ जुळली की वाडीतली पोरं पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, जमतात आणि कुठल्यातरी परक्या देशातला खेळ खेळतात. खेळता खेळता तिथली भाषा, तिथले सण, खाणंपिणं असं काय काय निघतं. लेखात ज्युदो होता, ब्रह्मदेशातला वेताचा चेंडू होता, आणि 'मुलं खेळातून जगाच्या भाषांकडे जातात' असं एक वाक्य होतं.

त्या वाक्यावर तुम्ही बोट ठेवलंत. ज्युदोतल्या 'हाजिमे' (सुरू करा) नि 'मात्ते' (थांबा) या आज्ञा म्हणता आल्या म्हणजे जपानी आली का, असं विचारलंत. ही भाषा नव्हे, पानातलं तोंडीलावणं, असंही म्हणालात. मग मुख्य राग: शाळांचे पट घसरतायत, घराघरातून मालवणी जातेय, हुतुतूला सात पोरं मिळत नाहीत, आणि तुम्ही निघालात ब्रह्मदेशात. 'आधी घरातली मालवणी पोरांका शिकवा, मगे जपान बगा', आणि वर ही शीर्षकातली म्हण. शेवटी, या सगळ्याला पैसा कोण पुरवतो, हा प्रश्न.

पहिल्या मुद्द्यावर तुमच्याच बाजूचा एक पुरावा देतो, तुमच्याकडून राहून गेलेला. वकट, लेंड, मूंड, नाल. तुम्ही लहानपणी विटीदांडूत हे मोजलंच असणार. तेलुगूतले ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू यांच्याशेजारी ते ठेवून बघा. पिढ्यान् पिढ्या मराठी पोरांनी तेलुगू आकडे ओरडत विट्या कोलल्या आणि एकालाही तेलुगू आली नाही. आपण कुठल्या भाषेत मोजतोय, एवढंही कुणाला कळलं नाही. ज्युदोची गत वेगळी नाही. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान काढलं, 1964 मध्ये ज्युदो ऑलिम्पिकमध्ये गेला, आणि आज कुठल्याही देशातला पंच जपानीतच आज्ञा देतो. त्या आज्ञेवर जीव खाऊन झुंजणाऱ्या बहुतेकांना जपानीत प्यायला पाणी मागता येणार नाही. तेव्हा खेळातल्या शब्दांनी भाषा येत नाही, हे कबूल. मी 'जातात' लिहिलं होतं, 'पोचतात' नव्हे.

पण त्यावरून हे सगळं गुंडाळा म्हणता, ते पटत नाही. विटीदांडूबरोबर आकडे आले, तेलुगू माणूस काही आपल्याबरोबर खेळायला आला नाही. तो मैदानात उभा असतो तेव्हा काय होतं, ते बघा. नाशिकच्या शैलजा जैन इराणच्या मुलींना कबड्डी शिकवायला गेल्या. त्या मुलींशी बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या. 2018 च्या जाकार्ता एशियाडमध्ये त्यांच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारतालाच 27-24 असं हरवलं. आपल्या मातीतला खेळ, शिकवणारी मराठी बाई, आणि सुवर्णपदक इराणला. त्या दिवशी मला नेमकं कुठल्या बाजूने वाईट वाटून घ्यावं ते कळेना. पण फारसी शिकायला त्यांना व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा त्या मुलींची गरज जास्त लागली असणार, एवढं नक्की.

आता आमच्या गावचं सांगतो, कारण मूळ लेखात हे आलंच नव्हतं. तुम्ही देवगडचे, त्यामुळे नवीन नाही. आपल्या आंब्याच्या बागा राखतात नेपाळी, ट्रॉलरवर खलाशी नेपाळी. अछाम, डोटी, बझांग, कैलाली अशा नेपाळच्या पश्चिम टोकाच्या जिल्ह्यांतून ही माणसं येतात. गावात त्यांना नावं नाहीत. सगळे 'गुरखा' नाहीतर 'बहादूर'. वर्षातले आठ-नऊ महिने आपल्यात राहतात आणि आपल्याला त्यांचं जेवण ठाऊक नाही, सण ठाऊक नाही.

समुद्र खवळून नौका बंदरात अडकल्या की हे लोक जेटीच्या मागच्या मोकळ्या जागेत व्हॉलीबॉल खेळतात. दोन बांबू आणि मध्ये फाटकं जाळं. 2017 साली नेपाळ सरकारने व्हॉलीबॉलला राष्ट्रीय खेळ ठरवलं, त्याआधी लोकांच्या मनात तो मान दंडीबियोला होता. दंडीबियो म्हणजे आपला विटीदांडूच. आमची पोरं आधी कडेला उभी राहून चेंडू आणून द्यायची. मग एकदा त्यांचा एक गडी कमी पडला आणि आमच्यातला एक उंच पोरगा आत गेला. मी तेव्हा तिथे नव्हतो. कुठल्या लेखात किंवा तक्त्यात हे ठरलेलं नव्हतं.

पुढे जे झालं ते मी हळूहळू पाहिलं. पोरांना माणसं वेगळी ओळखू येऊ लागली. सर्व्हिस जोरात करणारा अछामचा, त्याचा भाऊ गुजरातेत हॉटेलात. चिडका तो कैलालीचा. नवरात्रात एकजण गप्प गप्प असायचा, तेव्हा पोरांनी विचारलं. त्यांच्या दशैंची सुरुवातही घटस्थापनेनेच होते, जवाचे कोंब रुजवतात, दशमीला थोरांकडून टिळा लावून घेतात आणि ते कोंब डोक्यावर घेतात. आमचा एक पोरगा लगेच म्हणाला, 'म्हणजे आमचं रुजवणच की! आजोबा टोपीत खोवतात.' मासेमारीचा हंगाम ऐन भरात असतो, त्यामुळे या लोकांना त्या दिवसांत सुट्टी नसते. दसऱ्याला आमच्या वाडीतल्या एका आजीने त्यातल्या तिघा-चौघांना घरी बोलावून टिळा लावला. ही कल्पना माझी नव्हती, त्या पोराची होती.

भाषेचं म्हणाल तर तीही आली, पण वाकड्या वाटेने. नेपाळीची लिपी देवनागरी. सातवीतली एक मुलगी एका खलाशाला घरून आलेले मेसेज वाचून दाखवते, कारण त्याला अक्षर नीट लागत नाही. ती वाचते तेव्हा तिला अर्धंही समजत नाही. ऐकता ऐकता त्याला सगळं समजतं, मग तो तिला सांगतो. गुरुजी, तुम्ही आयुष्यभर पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवलंत. हे वाचन कुठल्या इयत्तेत बसवाल?

आणि एक गंमत. त्यांच्याकडे देउडा म्हणून प्रकार असतो. हात धरून रिंगण करायचं, पावलं टाकत फिरायचं आणि दोन बाजूंनी एकमेकांवर जागच्या जागी कवनं रचून टाकायची. एकाने सवाल करायचा, दुसऱ्याने तोड द्यायची. आता आपल्या कोकणातल्या जाखडी नाचवाल्यांना हे वेगळं सांगायला हवं का? शक्तीवाले आणि तुरेवाले रात्रभर दुसरं काय करतात? गणपती विसर्जनानंतर एका रात्री जेटीवर दोन्ही झालं. आमच्या बुवांना त्यांचे शब्द कळत नव्हते, तरी तोड बरोबर बसली की मान हलत होती. उजाडेपर्यंत चाललं असतं, पण तांडेलाने, म्हणजे नौकेच्या म्होरक्याने, हाक मारली, पहाटे नौका जायची होती.

ब्रह्मदेशच्या चेंडूवर तुम्ही जरा टोचून लिहिलंत, 'वेताचा चेंडू उडवून थिबा कळतो काय'. नाही कळत. पण रत्नागिरीतली पोरं थिबा पॉइंटवर सूर्यास्त बघून, भेळ खाऊन परत येतात आणि थिबा कोण हे विचारत नाहीत, ती विचारू लागली. 1885 साली इंग्रजांनी राज्य घेतलेला तो ब्रह्मदेशचा राजा दुसऱ्या वर्षी इथे आणला गेला, 1916 मध्ये इथेच गेला. त्याची नात टूटू रत्नागिरीतच लहानाची मोठी झाली, मराठीत बोलली, इथेच म्हातारी झाली. चिनलोन हा त्यांच्याकडचा खेळ. सहाजणांचं रिंगण, त्यातलाच एक मध्ये, चेंडू हात न लावता हवेत ठेवायचा. समोर दुसरा संघ नाही. आमच्या पोरांनी पंधरा मिनिटं खेळून विचारलं, 'जिंकलं कोण?' मी म्हटलं, कुणी नाही. मुलगे हिरमुसले. मुलींना काहीच वाटलं नाही, झिम्मा-फुगडीत तरी कुठे कोण जिंकतं. (2013 च्या आग्नेय आशियाई खेळांत त्यालाही गुण लावून पदकं दिली म्हणे. असो.)

आता तुमच्या मुख्य रागाकडे येतो. घरचं आधी. मला यात 'आधी' आणि 'मग' दिसतच नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोन्ही महाराष्ट्राचे. दोन्ही अंतिम सामने नेपाळशी झाले आणि दोन्ही आपण जिंकले. ते आम्ही जेटीवर मोबाईलवर, त्याच खलाशांच्या शेजारी बसून पाहिले. दुसऱ्या दिवशी पोरं खो-खोच खेळली, आणि ते शाळेच्या क्रीडा महोत्सवासाठी नव्हतं. समोर नेपाळी गडी होते, म्हणून आपला खेळ नीट यायला हवा असं त्यांना वाटलं. परक्यासमोर उभं राहिल्याशिवाय घरच्याची किंमत पोरांना कळत नाही, हे मी पुन:पुन्हा पाहतोय.

दुसरं उदाहरण रेवदंड्याजवळच्या कोर्लईचं. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत हजारभर माणसं पोर्तुगीजातून निपजलेली भाषा आजही घरात बोलतात. ते तिला 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीजांनी 1740 मध्ये शेजारचं चौल सोडलं, भाषा मागे राहिली. सहलीला गेलो असताना आमची पोरं तिथल्या पोरांशी टेनिस बॉल क्रिकेट खेळली. मराठी त्यांना आपल्यासारखीच येते. पण क्षेत्ररक्षण बदलायचं आलं की ती घरच्या भाषेत बोलायची, आणि आमच्यांना काही कळायचं नाही. आम्ही हरलो. परतताना गाडीत आमच्या पोरांची चर्चा एकच: आपण आपली बोली बोललो असतो तर त्यांना कळली असती का? पुढच्या सामन्यात त्यांनी मुद्दाम, आजीच्या तोंडची अस्सल संगमेश्वरी काढली. वर्गात 'बोलीचं महत्त्व' यावर निबंध लिहून हे झालं नसतं, हे तुम्हीही मान्य कराल.

आणि भाषा वाचवायला खेळ लागतो, ही कल्पनाही मला जगाकडूनच मिळाली. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बास्क लोक राहतात. त्यांच्या भाषेचं आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं नाही. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत ती दडपली गेली, एक पिढी तिच्यावाचून वाढली. फ्रँको गेला 1975 मध्ये. 1980 मध्ये या लोकांनी भाषेसाठी धावायला सुरुवात केली, त्या धावण्याचं नाव कोरिका. साधारण दर दोन वर्षांनी, दहा-अकरा दिवस, रात्रंदिवस न थांबता, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. प्रत्येक किलोमीटर कुणीतरी विकत घेतं: शाळा, दुकान, क्लब. तो पैसा प्रौढांना बास्क शिकवणाऱ्या वर्गांना जातो. हातोहात जाणाऱ्या काठीत एक पत्र असतं, ते कुणाचं हे गुपित, आणि शेवटच्या ठिकाणी ते बास्कमध्ये मोठ्याने वाचतात. त्यांचं बघून फ्रान्समधले ब्रिटनीवाले 2008 पासून, आयरिश 2010 पासून आणि वेल्श 2014 पासून आपापल्या भाषांसाठी धावू लागले.

शिमग्यात पालखी खांद्याखांद्यावरून गावभर फिरवणाऱ्या माणसांना हे जड आहे का? देवगड ते मालवण, मालवणीसाठी. किलोमीटरमागे शंभर रुपये ठेवले तरी वाडीवाडीत घेणारे निघतील. काठीतलं पत्र मालवणीत तुम्ही लिहायचं. हे मी उपरोधाने म्हणत नाही. तुमच्यासारखी मालवणी लिहिणारा माणूस आमच्याकडे नाही, आम्ही पडलो संगमेश्वरीवाले.

राहिला खर्च. वेताचा चेंडू माझ्या खिशातून. व्हॉलीबॉलचं जाळं तांडेलाने दिलं, ते तसंही फेकायचंच होतं. चहा आणि भजी जो हरेल त्याची, म्हणजे बहुतेकदा माझी. एका मुंबईकर मंडळाने मदत देऊ केली होती, पण त्यांना पोरांच्या टी-शर्टवर पाठीमागून अध्यक्षांचा फोटो हवा होता. ती बोलणी आता गणपतीत ते गावी आल्यावर पुढे सरकतील. रविवारी येणार असाल तर आधी कळवा, ओहोटीची वेळ दर आठवड्याला बदलते.